साखर कारखान्याच्या ऑफ सीझन दुरुस्तीत कॉर्डलेस अवजारे: कुठे घ्यावीत आणि कुठे वायरच बरी

एका सहकारी साखर कारखान्याच्या मेंटेनन्स विभागातील इंजिनिअरांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाळप संपल्यावर ऑफ सीझनच्या दुरुस्तीसाठी वायरवाली ग्राइंडर व ड्रिल मशीन आणि हवेवर चालणारे इम्पॅक्ट रेंच (ठोके देत नट फिरवणारे अवजार) बाजूला ठेवून सगळी अवजारे कॉर्डलेस, म्हणजे बॅटरीवर चालणारी, घ्यावीत, असा प्रस्ताव व्यवस्थापनापुढे आहे. १८ व्होल्टची घ्यावीत की ३६-४० व्होल्टची, बॅटऱ्या किती लागतील, बाजारातले स्वस्त संच चालतील का आणि ही अवजारे डिस्टिलरीत नेता येतील का, हे त्यांना हवे आहे.

सगळी अवजारे बदलू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जे काम थोड्या-थोड्या वेळाचे असते आणि ज्यासाठी फिटरला अवजार घेऊन शिडीवर, गॅलरीवर किंवा भांड्याच्या आत जावे लागते, तिथे कॉर्डलेसला तोड नाही. जे काम एका जागी तासन्तास चालते, तिथे मात्र वायरच बरी. हा निकष लावला की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. उरलेले जवळजवळ सगळे बॅटरीच्या व्यवस्थेचे असतात आणि नेमके तेच कोटेशनमध्ये कुठे दिसत नाहीत.

आधी हिशेब मांडू. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत १८ गुणिले ५, म्हणजे ९० वॉट-अवर ऊर्जा असते. ग्राइंडर अँगल किंवा पाइप कापताना दाबून चालवला, तर तो सहज ८०० वॉट खेचतो आणि त्या दराने ही बॅटरी पावणेसात मिनिटांत रिकामी होते. प्रत्यक्षात वेल्डर मधूनमधून हात उचलतो, त्यामुळे दहा-बारा मिनिटे मिळतात असे धरू. ४ अँपिअरच्या नेहमीच्या चार्जरवर तीच बॅटरी पूर्ण भरायला सव्वा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे एक ग्राइंडर पाळीभर चालता ठेवायचा, तर त्याच्यामागे आठ-नऊ बॅटऱ्या आणि जवळजवळ तितकेच चार्जर लागतील. फॅब्रिकेशनच्या जागेवर, जिथे दिवसभर डक्टचे पत्रे कापले आणि घासले जातात, तिथे हा खर्च कोणालाही समर्थनीय ठरवता येणार नाही. तिथे वायरवाला ग्राइंडर आणि त्याच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), एवढे पुरेसे आहे.

आता हाच हिशेब इम्पॅक्ट रेंचला लावून पाहा. बगॅस (उसाचा चोथा) वाहून नेणाऱ्या कॅरिअरच्या स्लॅटचा, म्हणजे आडव्या पट्टीचा, नट साधारण तीन-चार सेकंदांत सुटतो, फिटर दोन पावले सरकतो, गोटी (सॉकेट) पुढच्या नटावर बसवतो आणि पुन्हा ट्रिगर दाबतो. अवजार चालू असण्यापेक्षा हातात धरलेले असण्याचा वेळच जास्त असतो. त्यामुळे तीच ९० वॉट-अवरची बॅटरी शंभराच्या वर नट काढते आणि दोन बॅटऱ्यांच्या आळीपाळीवर पाळी निघून जाते. शिवाय कॅरिअरच्या संपूर्ण लांबीवर हवेचा होज ओढत नेण्याचा त्रास वाचतो, जॉइंटमधून गळणारी हवा वाचते आणि त्या गळतीपायी ऑफ सीझनमध्येही चालू ठेवावा लागणारा कॉम्प्रेसर बराच वेळ बंद राहतो. कॉर्डलेसवर पहिला रुपया खर्च करायचा असेल, तर तो इम्पॅक्ट रेंचवरच करावा.

मात्र इम्पॅक्ट रेंच निवडताना पेटीवरच्या मोठ्या आकड्याने भुलू नये. उत्पादक बहुधा दोन टॉर्क (पिळण्याचा जोर) देतात: एक आवळण्याचा आणि दुसरा, त्याहून बराच मोठा, सैल करण्याचा, जाहिरातीत हा दुसराच ठळक छापलेला असतो. ८.८ ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या, बोल्टला आवळायला एम१६ (१६ मिलिमीटर व्यासाचा) साठी सुमारे २००, एम२० साठी सुमारे ४०० आणि एम२४ साठी सुमारे ७०० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. तीन-चार हंगाम रसाच्या आणि वाफेच्या संगतीत काढलेला नट सुटताना त्याहून बरेच जास्त मागतो. म्हणून अर्ध्या इंची ड्राइव्हचे मध्यम क्षमतेचे एक आणि १००० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळणारे पाऊण इंची ड्राइव्हचे एक, अशी जोडी कारखान्याला पुरते. मिलच्या हेडस्टॉकच्या (रोलर धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या) मोठ्या नटांसाठी यातले काहीच उपयोगाचे नाही. तिथे स्लगिंग पाना (ठोके झेलणारा जाड पाना) आणि घन, नाहीतर हायड्रॉलिक रेंच, हेच चालत आले आहे आणि तेच चालू राहील.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. स्लॅटला आणि गार्डला वापरलेले बोल्ट बहुतेक ठिकाणी साध्या ४.६ ग्रेडचे असतात आणि एम१२ चा असा बोल्ट जेमतेम ३५ न्यूटन-मीटरवर आवळायचा असतो. त्यावर मोठे रेंच ट्रिगर पूर्ण दाबून धरले की बोल्ट तुटतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तुटत नाही, फक्त ताणला जातो आणि हंगामाच्या मध्यावर तुटतो. इम्पॅक्ट रेंचने नट बसवेपर्यंत न्यावा आणि शेवटचा आवळ हाताने द्यावा. स्टीम लाइनच्या फ्लँजवर आणि टर्बाइनच्या कपलिंगवर तर टॉर्क रेंचशिवाय शेवटचा आवळ देऊच नये. गोटीच्या बाबतीतही तडजोड नको. चकचकीत क्रोमची हातपान्याची गोटी इम्पॅक्टवर लावली की ती केव्हातरी फुटते आणि तिचा तुकडा तोंडाच्या उंचीवर उडतो. काळ्या, जाड भिंतीच्या इम्पॅक्ट गोट्या रेंचसोबतच मागवाव्यात आणि टूल रूममध्ये वेगळ्या पेटीत ठेवाव्यात.

व्होल्टेजच्या प्रश्नाकडे येतो. लिथियम-आयनच्या एका सेलचे नाममात्र व्होल्टेज ३.६ आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ असते. पाच सेल ओळीने जोडले की नाममात्र १८ आणि पूर्ण भरल्यावर २१ व्होल्ट होतात, त्यामुळे कोणी पेटीवर १८ लिहितो आणि कोणी २० मॅक्स लिहितो, तरी आतले गणित एकच असते. ४० व्होल्ट मॅक्स म्हणजे दहा सेल, नाममात्र ३६. बाजारात ८८, १२८ किंवा त्याहून मोठ्या आकड्यापुढे व्हीएफ अक्षरे छापलेले बिनब्रँडचे रेंच मिळतात; त्यांची बॅटरी उघडली तर आत बहुधा तेच पाच सेल असतात. त्या आकड्याला तांत्रिक अर्थ काहीही नाही आणि स्टोअरने तो पर्चेस ऑर्डरमध्ये लिहूही नये.

१८ की ३६, याचे उत्तर मी सोयीपेक्षा कायद्याच्या बाजूने देतो, कारण ही बाजू विक्रेता कधी सांगत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६अ ने टाकी, खड्डा, पाइप, फ्ल्यू (धुराचा मार्ग) किंवा तत्सम बंदिस्त जागेत पुरेशी सुरक्षा साधने नसतील, तर २४ व्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेजचा हातदिवा किंवा कोणतेही विद्युत उपकरण वापरू नये, अशी मर्यादा घालून दिली. कायद्याची चौकट पुढे बदलली, तरी परमिट देताना हीच मोजपट्टी धरणे शहाणपणाचे आहे. ऑफ सीझनमध्ये आपली निम्मी माणसे अशाच जागांत असतात: इव्हॅपोरेटरच्या (रस आटवण्याच्या भांड्याच्या) बॉडीत, साखर शिजवण्याच्या पॅनमध्ये, बॉयलरच्या ड्रममध्ये. चहूबाजूंनी लोखंड, अंगावर घाम आणि बाहेर पाऊस, अशा स्थितीत २३० व्होल्टची वायर मॅनहोलमधून आत सोडणे ही आपल्याकडची जुनी आणि घातक सवय आहे. १८ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही २१ व्होल्टवर, म्हणजे मर्यादेच्या आत राहते. ४० व्होल्ट मॅक्सची बॅटरी राहत नाही. म्हणून भांड्यांच्या आतल्या कामासाठी मी १८ व्होल्टच सुचवतो. अर्थात विजेचा धोका गेला म्हणजे सगळा धोका गेला असे होत नाही. आत ग्राइंडर चालवला की धूर तिथेच कोंडतो आणि डिस्क फुटली तर तुकडे भांड्यातच फिरतात. ऑक्सिजन तपासणी, ब्लोअर, मॅनहोलवर उभा माणूस आणि लेखी परमिट, यातली एकही गोष्ट कॉर्डलेसमुळे कमी होत नाही.

डिस्क हा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगून पुढे जातो. कटिंग व्हीलच्या मध्यभागी जी धातूची कडी असते, तिच्यावर महिना आणि वर्ष कोरलेले असते. ती त्या व्हीलची मुदत असते आणि उत्पादनापासून ती जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. पावसाळ्यात ओल धरलेल्या स्टोअरमध्ये राळेचे बंध कमकुवत होतात, त्यामुळे ही मुदत कागदापुरती मानू नये. कॉर्डलेस ग्राइंडरवर १ मिलिमीटर जाडीचे व्हील वापरले तर बॅटरी लक्षणीय जास्त टिकते, पण ते पातळ व्हील घासायला वापरले, तर आडव्या जोराने तुटते. ग्राइंडर घेताना पॅडल स्विच (दाबून धरला तरच चालणारा), ब्रेक आणि बॅटरी बसवल्यावर आपोआप सुरू न होण्याची सोय पाहावी. गार्ड काढून चालवणाऱ्या वेल्डरला कोणताही ब्रेक वाचवू शकत नाही.

डिस्टिलरीबाबत उत्तर सोपे आहे: चालू विभागात नाही. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट (पेट घेण्याइतकी वाफ निघू लागते ते तापमान) सुमारे १३ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्याकडे वर्षभर त्याच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ असते, आणि हवेत तिचे प्रमाण ३.३ टक्क्यांच्या आसपास गेले की ठिणगी पुरते. ब्रशलेस मोटरमध्ये कार्बन ब्रश नसल्यामुळे ठिणगीच नाही, असे काही विक्रेते सांगतात. मोटरपुरते ते खरे असले, तरी ट्रिगरचा स्विच आणि बॅटरीचे टर्मिनल तिथेच असतात आणि गंजलेल्या नटावर ठोके देणारी पोलादी गोटी स्वतः ठिणगी पाडू शकते. सर्वसाधारण कॉर्डलेस अवजार धोकादायक क्षेत्रासाठी प्रमाणित नसते. चालू डिस्टिलरीत बेरिलियम कॉपरचे किंवा ब्रॉन्झचे नॉन-स्पार्किंग पाने वापरावेत. विभाग रिकामा करून, पाण्याने धुऊन, गॅस तपासून हॉट वर्क परमिट (ठिणगी-ज्वाळेच्या कामाचा लेखी परवाना) निघाल्यानंतरच कॉर्डलेस आत न्यावे.

साखरेच्या धुळीलाही हलके घेऊ नये. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथे इंपीरियल शुगरच्या रिफायनरीत ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार मृत्युमुखी पडले. आपल्या ग्रेडरच्या (साखरेचे दाणे चाळणाऱ्या यंत्राच्या) आणि साखर एलिव्हेटरच्या आसपास बीमवर साचलेली पांढरी धूळ तीच आहे. तिथे कापायचे किंवा घासायचे काम असेल, तर आधी धूळ गोळा करावी. कॉर्डलेस ब्लोअरने ती उडवणे म्हणजे नेमके उलटे काम करणे होय.

आता बॅटऱ्या. आपल्या कामाची एक अडचण अशी आहे, जी वर्षभर चालणाऱ्या इंजिनिअरिंग कारखान्यांना नाही. ऑफ सीझनमध्ये अवजारे दिवसरात्र राबतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू झाले की त्यातली बहुतेक कपाटात जातात. फिटर शेवटचा नट काढून रेंच जसे असेल तसे, रिकाम्या बॅटरीसकट, टूल रूममध्ये जमा करतो. रिकामी बॅटरी स्वतःहूनही थोडी थोडी उतरत राहते, काही अवजारांवर बसवून ठेवली तर आणखी उतरते आणि चार-पाच महिन्यांनी तिच्या सेलचे व्होल्टेज इतके खाली गेलेले असते की चार्जर तिला स्वीकारत नाही. लाल दिवा लुकलुकतो आणि बॅटरी खराब निघाली म्हणून कंपनीला दोष दिला जातो. बॅटरी खराब निघालेली नसते, ती आपण उपाशी मारलेली असते.

यावर उपाय स्वस्त आहे. हंगाम सुरू होताना प्रत्येक बॅटरी अवजारापासून काढून, चार दिव्यांपैकी दोन दिवे लागतील इतकी भरून, सावलीच्या कोरड्या जागी ठेवावी आणि दर दोन महिन्यांनी दिवे पाहून गरज असेल तर थोडी भरावी. पूर्ण भरून ठेवणेही योग्य नाही; भरलेला सेल उष्णतेत लवकर म्हातारा होतो. प्रत्येक बॅटरीवर पेंट मार्करने क्रमांक आणि खरेदीचे वर्ष लिहावे. पितळी बिल्ला देऊन अवजार नेण्याची पद्धत आपल्या टूल रूममध्ये असतेच, त्याच रजिस्टरमध्ये बॅटरीच्या क्रमांकाचा एक रकाना वाढवावा. एखादी बॅटरी वारंवार लवकर संपते हे दोन आठवड्यांच्या नोंदींवरून लगेच दिसते, फिटरच्या तक्रारीवरून दिसत नाही.

चार्जिंगची जागा हा दुसरा मुद्दा. बहुतेक उत्पादक चार्जिंगसाठी ४५ अंशांच्या आसपासची वरची मर्यादा देतात आणि बॅटरी त्याहून गरम असेल, तर चार्जर ती थंड होईपर्यंत थांबतो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, त्यातही बॉयलरच्या बाजूला चार्जर लावला, तर दुपारचा अर्धा वेळ चार्जर नुसता वाट पाहत बसतो आणि बॅटऱ्या कमी पडतात असे वाटू लागते. चार्जर टूल रूममध्ये, पंख्याखाली, सिमेंटच्या किंवा लोखंडी टेबलावर लावावेत. बगॅस यार्डात, पॅनेल रूममध्ये किंवा ऑइल बॅरलजवळ ते लावू नयेत आणि रात्री माणूस नसताना ते चालू ठेवू नयेत. पाळीला एक ठरलेला माणूस चार्जिंग पाहील, एवढी शिस्त लावली की खरेदी करायच्या बॅटऱ्यांची संख्या चक्क कमी होते. इम्पॅक्ट रेंच, ड्रिल आणि ग्रीस गन यांच्यासाठी अवजारामागे दोन बॅटऱ्या पुरतात. अडचणीच्या जागेसाठी घेतलेल्या एखाद्या ग्राइंडरसाठी चार धराव्यात.

स्वस्त संचांबद्दल विचारले आहे, त्याची परीक्षा स्टोअरच्या वजनकाट्यावर होते. नेहमीचा १८६५० सेल, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, सुमारे ४५ ग्रॅम भरतो आणि त्याची क्षमता फार तर साडेतीन अँपिअर-अवरपर्यंत जाते. तेव्हा ६ अँपिअर-अवर लिहिलेल्या १८ व्होल्टच्या बॅटरीत असे किमान दहा सेल हवेत आणि नुसत्या सेलचे वजन ४५० ग्रॅम हवे. खोके आणि सर्किट त्यावर आले. काट्यावर ती बॅटरी साडेतीनशे ग्रॅम भरली, तर आत पाचच सेल आहेत आणि लेबल खोटे आहे, हे अवजार न चालवताही सिद्ध होते. २१७०० आकाराचे सेल मोठे आणि जड असतात, पण त्यांनाही हाच तर्क लावता येतो. नामांकित अवजारांना बसणाऱ्या नकली बॅटऱ्या याच मार्गाने पकडाव्यात. त्यातल्या अनेकांत प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट नावापुरते असते आणि आगीची शक्यता तिथून सुरू होते.

ब्रँडबाबत वाद घालण्यात मला रस नाही. बॉश, मकिता, डिवॉल्ट, मिलवॉकी, हिल्टी या सर्वांची व्यावसायिक दर्जाची अवजारे या कामाला पुरतात. ठरवायचे ते एवढेच की एका कारखान्यात एकच बॅटरी प्रणाली असावी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तिचे सर्व्हिस सेंटर आणि सुटे भाग असावेत. टेंडरमध्ये केवळ किमतीवर पहिला आलेला घ्यायचा, तर दरवर्षी वेगळी कंपनी येते आणि तीन वर्षांत तीन प्रकारचे चार्जर भिंतीवर लटकतात. म्हणून पहिल्याच टेंडरमध्ये बॅटरी नसलेल्या अवजाराचा, सुट्या बॅटरीचा आणि चार्जरचा दर वेगवेगळा मागवावा, बॅटरीची क्षमता वॉट-अवरमध्ये लिहायला लावावी आणि पुढील वर्षांची खरेदी त्याच प्रणालीत राहील, हे टिपणीवर मंजूर करून घ्यावे.

निकामी झालेल्या बॅटऱ्या भंगाराच्या लिलावात टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तोवर टर्मिनलवर चिकटपट्टी लावून त्या वेगळ्या ठेवाव्यात. फुगलेली किंवा उंचावरून पडून तडकलेली बॅटरी पुन्हा चार्जरवर चढवू नये.

आपल्या जागी मी असतो, तर पहिल्या ऑफ सीझनसाठी १८ व्होल्टची वर सांगितलेली दोन क्षमतांची इम्पॅक्ट रेंच, दोन ड्रिल, भांड्यांच्या आतल्या कामासाठी १०० मिलिमीटरचा एक ग्राइंडर, काही एलईडी हातदिवे आणि एक ग्रीस गन एवढेच मागवले असते. ग्रीस गनचा उपयोग खरे तर हंगामातच जास्त आहे. ती ७०० बारच्या आसपास दाब देते, त्यामुळे केन कॅरिअरच्या बेअरिंगला एकटा माणूस पटापट ग्रीस देऊ शकतो. मात्र बंद सीलच्या बेअरिंगवर ट्रिगर धरून ठेवला, तर सील बाहेर येते, म्हणून किती ग्रीस द्यायचे हे ग्रॅममध्ये ठरवून लुब्रिकेशन चार्टवर लिहावे. रोटरी हॅमर आणि मॅग्नेटिक ड्रिल सध्या आहेत ती वायरवालीच चालू द्यावीत. हवेचे रेंच विकू नयेत. वर्कशॉपमध्ये लाइन आहेच, तिथे त्यांचे काम चालू राहील.